स्वप्नालीचे साधे फोटो

कराड तालुक्यात स्थळासाठी फोटो काढायचा म्हटलं की लोक अजूनही माझ्याकडे येतात. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्याइतका धीर माझ्याकडे नाही. मलकापुरात हमरस्त्याला लागून आमचा स्टुडिओ आहे. तो थाटला माझ्या वडिलांनी, शमशेरभाईंनी. त्या काळी ते उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीनं पोरींच्या गालावरचे खड्डे भरायचे, डोळ्यांखालची काळजी पुसायचे. तेच काम मी आता कॉम्प्युटरवर करतो. मुलीची आई पैसे देताना हळूच म्हणते, जरा उजळ करा. आपण ऐकलं नाहीसं दाखवायचं आणि करायचं, ही आमच्या धंद्याची रीत. मुलीला कुणी विचारत नाही. तीस वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं.

स्वप्नाली पहिल्यांदा आली ती कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढायला. आष्ट्याजवळच्या गावातली जैन शेतकऱ्याची पोर, इथं इंजिनिअरिंग शिकायला होस्टेलवर राहिलेली. वडील कल्लाप्पा ती बारावीत असतानाच गेले होते. आई आक्काताई ऊस आणि हळद दोन्ही एकटीनं बघायची. पोरगी उंच, सावळी, मान सरळ ठेवून चालणारी. डाव्या गालावर, कानाच्या जरा अलीकडं, चिंचोक्याहून थोडा मोठा जन्माचा काळा डाग. कॅमेऱ्यापुढं बसली की ती फोटोसाठी म्हणून काहीच करायची नाही. नुसती बघायची. मी तीस वर्षांत हजारो चेहरे बघितलेत, त्यांतले बहुतेक कॅमेरा दिसला की आपला चेहरा घरी ठेवून आल्यासारखे होतात. हिचं तसं नव्हतं.

पुढं ती सहज यायला लागली. मला चाचा म्हणायची, माझ्या बायकोला, फिरदोसला, चाची. शेवटच्या वर्षाची परीक्षा होऊन दोन महिने झाल्यावर एक दिवस म्हणाली, तिला मॉडेल व्हायचंय. मी हसलो. ती हसली नाही. आईला तिनं आधीच सांगितलं होतं आणि आईनं मुदतही दिली होती. परीक्षा झाल्यापासून पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत काय करायचं ते कर, नाही जमलं तर सांगलीत हळदीचा व्यापार असलेल्या घरातलं, गोमटेशचं स्थळ आलंय, ते बघायचं. आक्काताईंच्या घरात शब्द म्हणजे शब्द. पोरीनं तो मान्य केला होता. म्हणजे तिच्या हातात होतं ते एक वर्ष, त्यातलेही दोन महिने आधीच गेलेले.

या कामात आपण पोरीला नीट मार्गी लावायचं, असं मी ठरवून टाकलं. कुणी मला नेमलं नव्हतं. सांगलीत विश्रामबागेकडं एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी नव्या मॉडेल घेतो म्हणून पाटी लावली होती. मी तिच्यासोबत गेलो. तिथल्या माणसानं आधी नोंदणीचे पैसे मागितले आणि मग सांगितलं की बाकीचे फोटो पोरीनं रात्री मोबाईलवर पाठवावेत, कसल्या कपड्यांतले ते तो तिला एकटीला सांगेल. मी टेबलावरचा त्याचा पेपरवेट उचलून पुन्हा जागेवर ठेवला, एवढंच. पण तो घाबरला असावा. जिना उतरताना स्वप्नाली म्हणाली की पैसे मागितले तेव्हाच तिला कळलं होतं, खरं काम देणारे आधी पैसे मागत नाहीत. मला वाटलं होतं, मी तिला वाचवलं.

खरं तर तिनं सगळं वाचून, विचारून ठेवलं होतं. तिच्याकडं एक वही होती. कुणाला भेटायला एकटीनं जायचं नाही. भेट दिवसा आणि ऑफिसातच. आईपुढं घालता येणार नाहीत ते कपडे कुणाच्या सांगण्यावरून घालायचे नाहीत. कागदावर जागेवर सही करायची नाही, घरी आणून वाचायचा. एजन्सीकडं आधी काम केलेल्या दोन मुलींशी बोलल्याशिवाय पुढं जायचं नाही. उंची, वजन, वय खरं लिहायचं. मी ती वही वाचून मान डोलावली आणि पुढचे दोन महिने हेच नियम गिऱ्हाइकांना माझे म्हणून सांगत होतो.

पुण्यातली एक एजन्सी तिनं अशी चौकशी करून निवडली. तिथं काम केलेल्या दोघींशी ती फोनवर बोलली, दोघींनी चांगलं सांगितलं. एजन्सीला हवे होते साधे फोटो. मेकअप नाही, केस मागं बांधलेले, भिंत कोरी, उजेड खिडकीचा. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि पायापासून डोक्यापर्यंत. खाली स्पष्ट लिहिलं होतं की फोटोत काहीही बदल करू नये.

मला राग आला. असले फोटो तर आधार केंद्रातला मशीनवाला पण काढतो. माझ्या हातात मग उरलं काय? तरी काढले. ऑगस्टमधली सकाळ होती, उजेड छान, मऊ. काढून झाल्यावर ती कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या काचेवर एकेक बघत म्हणाली, "चाचा, ह्याला हात लावू नगा. त्यांनी तसंच मागितलंय."

मी हं म्हणालो. होस्टेलचं नेट फोटो उचलत नव्हतं म्हणून तिच्या नावानं मीच स्टुडिओतून पाठवणार होतो. ती कॉलेजला दाखले आणायला गेली.

नंतर मी खुर्चीत बसलो आणि फोटो उघडले. हे मला नीट सांगता येत नाही. माझ्या मनात कपट नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. तो डाग समोर दिसत होता, आणि डाग दिसला की माझा हात थांबत नाही. मला वाटलं, पुण्याचे लोक, शंभर पोरी गोऱ्यापान असतील, त्यांत ही एक सावळी आणि वर हा डाग. एक वर्ष आहे पोरीकडं, ते एका डागापायी वाया जायचं का? मी डाग काढला. मग गाल दोन्ही सारखे व्हावेत म्हणून रंग थोडा उजळला. मग मानही उजळावी लागली. इतकं सफाईनं केलं की वडिलांनी बघितलं असतं तर पाठीवर थाप मारली असती. अकरा मिनिटं लागली. फोटो पाठवले, आणि तिला फोन करून सांगितलं की गेले. काय गेले ते सांगितलं नाही.

नऊ दिवसांनी बोलावणं आलं. आक्काताईंनी फोनवर मला सांगितलं, भाई, तुमी आणि वहिनी जाणार आसाल तरच तिला जाऊ देते. आम्ही तिघं सकाळच्या बसनं पुण्याला गेलो. फिरदोसनं डब्यात चपात्या आणि भेंडीची भाजी घेतली होती, कांदालसूण नसलेली, स्वप्नालीसाठी म्हणून वेगळी.

ऑफिस साधं होतं. रेश्मा मॅडम म्हणून बाई होत्या, पन्नाशीच्या, सुती कुर्ता, चष्मा दोरीला लटकवलेला. भिंतीवर पोरींचे मोठे फोटो होते. त्यांतल्या एकीच्या नाकावर वांगाचे ठिपके होते आणि ते तसेच ठेवले होते. बाईंनी स्वप्नालीला खिडकीत उभं केलं, जवळून बघितलं, आणि मग कॉम्प्युटरवर मी पाठवलेले फोटो लावले. दोन्हीकडं दोनदा बघितलं. चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही चढलो असतो.

त्या शांतपणे म्हणाल्या की हा डाग त्यांना अडचणीचा नव्हता. उलट असाच, न झाकलेला चेहरा एका कामासाठी त्या दोन महिने शोधत होत्या. पण त्या ज्यांच्याकडं मुली पाठवतात ते फोटोवर विश्वास ठेवून दिवस ठरवतात, माणसं बोलावतात. तिथं फोटोतली सोडून दुसरीच मुलगी दारात उभी राहिली तर पुन्हा कुणी त्यांच्याकडं मुली मागणार नाही. पहिल्याच फोटोला जी खोटेपणा करते तिच्यासाठी त्या शब्द टाकू शकत नाहीत. मग त्यांनी स्वप्नालीकडं बघून विचारलं, "हे तुला माहीत होतं?"

स्वप्नालीनं ते फोटो त्या वेळी पहिल्यांदा बघितले. तिनं मान वळवून माझ्याकडं एकदा बघितलं. ते बघणं रागाचं नव्हतं. ती वाट बघत होती.

मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. मला बोलायचं होतं. मनात वाक्य तयार होतं: हे मी केलं, पोरीनं नको सांगितलं होतं. पण समोर अनोळखी बाई, शेजारी बायको, आणि तीस वर्षांचं नाव. मला वाटलं, आधी ती नाही म्हणेल, मग मी सावकाश समजावून सांगेन. तीन-चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात ती म्हणाली, "व्हय मॅडम. मीच सांगितलं हुतं करायला."

झालं. आता मी तोंड उघडलं तर पोर तोंडावर खोटी पडते, अशी सबब मला जागच्या जागी सापडली. सबब सापडायला मला कधी वेळ लागत नाही. बाईंनी पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

परतीच्या बसमध्ये स्वप्नाली खिडकीशी बसली होती. खंबाटकीच्या घाटात मी तिला म्हणालो, दुसऱ्या एजन्सी खूप आहेत. ती म्हणाली, हं चाचा. डबा कुणी उघडला नाही. घरी आल्यावर फिरदोस एवढंच बोलली की फोटो कुणी बदलले ते मला कळलंय, तुम्ही बोलायला पाहिजे होतं. मी तिच्यावर ओरडलो. ज्याचं चुकलेलं असतं तो कसा ओरडतो ते तिला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा हा विषय तिनं काढला नाही.

स्वप्नाली त्यानंतर दुकानात आली नाही. होस्टेलमधल्या एका मुलीनं सांगितलं की ती सामान घेऊन गावी गेली. मी मनाची समजूत घालत राहिलो: मुदत आहे अजून, तिच्याकडं वही आहे, हुशार पोर आहे, करेल काहीतरी. दिवाळीला फोन करू म्हटलं, केला नाही. संक्रांतीला म्हटलं, केला नाही. रेश्मा मॅडमनाही मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या, डाग चालत होता तर मग बाई अडल्या कशाला म्हणून. आठ महिने गेले. स्थळांचे फोटो चालूच होते, आणि डाग मी काढतच होतो.

एप्रिलमध्ये आक्काताईंचा फोन आला. आवाज खुशीत होता. स्वप्नालीचं गोमटेशशी जमलं, रविवारी साखरपुडा, फोटोला तुमीच यायचं भाई, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं न्हाई. मी मुबारक म्हणालो. फोन ठेवला आणि मला बसवेना. मुदतीला अजून वीस दिवस होते.

त्याच दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रेश्मा मॅडमना मेल लिहिला. मला फारसं लिहिता येत नाही. सहा ओळी झाल्या. फोटो मी बदलले, मुलीनं मनाई केली होती, तिला ऑफिसात येईपर्यंत माहीत नव्हतं, तिनं माझी लाज राखायला खोटं सांगितलं, आणि मी ते सांगू दिलं. माझं नाव, दुकानाचं नाव, फोन नंबर. सोबत त्या सकाळचे मूळ फोटो जोडले, हात न लावलेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की त्यांना ती मुलगी चांगली आठवते, खरं सांगितल्याबद्दल आभार, आणि स्वप्नालीची इच्छा असेल तर याच महिन्यात तिला भेटायला आवडेल. सोबत घरचं कुणीतरी असावं. बस. मी ते चार वेळा वाचलं. मग कागदावर छापून घेतलं, गाडीला किक मारली आणि इस्लामपूरमार्गे आष्ट्याकडं निघालो. रस्ताभर मला आनंद झाला होता, हेही सांगायला पाहिजे. मला वाटत होतं, वाचलो.

गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते. आक्काताई सोप्यात हळद निवडत बसल्या होत्या. स्वप्नालीनं पाणी आणून दिलं. जरा वाळली होती. डाग तिथंच होता, मला उगाच बरं वाटलं. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं उभ्यानंच वाचला, मग खालच्या पायरीवर बसून पुन्हा वाचला.

"हे कवा आलं?"

आज सकाळी, म्हणालो.

"आन तुमी लिवलं कवा?"

परवा, म्हणालो.

तिनं कागदाची घडी घातली. आक्काताईंनी काय आहे म्हणून विचारलं, आणि स्वप्नाली काही बोलणार तेवढ्यात या वेळी मी बोललो. सगळं सांगितलं, चष्मा पुसण्यापर्यंत. आक्काताईंचे हात हळदीत तसेच राहिले. त्या बराच वेळ माझ्याकडं बघतच नव्हत्या, पोरीकडं बघत होत्या.

"मला हिनं सांगितलं की खोटे फोटो हिनंच करून घेतले," त्या म्हणाल्या. "लय बोलले मी हिला भाई. तुझ्या बाऽनं हळदीच्या पोत्यात कधी खडा घातला न्हाई, आन तू तोंडच खोटं करून दावतीस. जिथं खोटं बोलून जायाचं तिथं जायाचं न्हाई, म्हटलं. दुसऱ्या दोन ठिकाणांनी बोलावलं हुतं हिला. मीच धाडली न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दोन ठिकाणांनी बोलावलं होतं. मी स्वप्नालीला विचारलं, आईला तरी खरं का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर आई तुमच्या दारात उभी राहिली असती, आणि चाचींनी ते ऐकलं असतं. चाचींना सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मी तिला सांगू शकलो नाही.

मी म्हणालो, अजून अठरा दिवस आहेत. उद्या सकाळच्या बसनं जाऊ, चाची पण येईल, आक्काताई तुम्ही पण चला. आक्काताई पोरीला म्हणाल्या की तुझी मर्जी असंल तर मी गोमटेशच्या घरी जाऊन थांबा म्हणून सांगते, मला लाज वाटणार न्हाई. खरंच म्हणाल्या त्या. आणि मला क्षणभर पुन्हा वाटलं, वाचलो.

स्वप्नालीनं मान हलवली. "न्हाई आई. गेल्या गुरुवारी मला इचारलं तवा मी व्हय म्हणले. कुणी जबरदस्ती केली न्हाई. आदल्या दिवशी जरी हा कागद आला असता तरी न्हाई म्हणले असते. पण आता ते माणूस घरात सगळ्यांस्नी सांगून बसलंय. त्याचं काय चुकलं ह्यात?" मग ती माझ्याकडं वळली. आवाज चढला नव्हता. "दोन दिवसांत उत्तर आलं, चाचा. तुमी लिवल्यावर दोन दिवसांत."

मला रडू आलं. मी चोपन्न वर्षांचा माणूस, परक्या घरात, हळदीच्या ढिगाशेजारी बसून रडलो. माफ कर म्हणालो. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ऱ्हाऊ द्या हा शब्द किती जड असतो ते मला त्या दिवशी कळलं. आक्काताईंनी डोळे पदराला पुसले आणि सवयीनं म्हणाल्या की दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊन जावा. मी जेवलो. काय वाढलं होतं ते आठवत नाही.

गाडीपाशी स्वप्नाली सोडायला आली. मी म्हणालो, रविवारी सकाळी आठला पोचतो, मोठी लाईट पण आणतो.

"तुमी आन चाची जरूर या," ती म्हणाली. "जेवायला या. फोटो सांगलीचं एक पोरगं काढंल. मी आत्ताच सांगते त्याला."

आम्ही गेलो. फिरदोस बायकांत जाऊन बसली. सांगलीचा पोरगा कॅमेरा घेऊन स्वप्नालीभोवती फिरत होता, आणि ती त्याला काहीतरी समजावून सांगत होती, तो माना डोलवत होता. मी मांडवाच्या मागच्या ओळीत खुर्चीवर बसून होतो. तीस वर्षांत एवढ्या साखरपुड्यांना गेलो, पण बसलेलो कधीच नव्हतो. हात कुठं ठेवावेत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.